आजची मासळी कोण वाचतं?

नेरिसाचं तोंडावर कौतुक केलं की ती विषय बदलते, म्हणून हे तिच्या पाठीमागे लिहून टाकते. आवडलं नाही तर तिनं भांडायला यावं. भोईवाड्यातल्या एकाच बिल्डिंगमध्ये, ती तळमजल्यावर आणि मी तिसऱ्यावर, आम्ही दोघी भांडतच मोठ्या झालो आहोत.

तिचं घराणं ईस्ट इंडियन, आमचं पाठारे प्रभू. म्हणजे त्यांचं चर्च, आमचं देऊळ, पण मुंबई दोघांच्याही बापजाद्यांची आणि मासळीचं वेड दोन्ही घरांत सारखंच. नेरिसा दिवसभर घरी बसून एका कंपनीचं प्रोग्रॅमिंग करते. त्यावर तिचं घर चालतं. जीव मात्र अडकलेला असतो फावल्या वेळच्या उद्योगांत. भाऊ ओनीलच्या ब्रास बँडची वेबसाइट, शिवाजी पार्कात क्रिकेटच्या सरावासाठी कुठलं नेट कधी मोकळं असतं ते सांगणारी वेबसाइट, असलं काहीतरी तिचं सतत चालू. त्यातून हाताला काही लागत नाही. मी तिला कितीदा म्हटलंय, अगं बाई, त्यापेक्षा झोप काढ. ऐकेल तर ती नेरिसा कसली.

त्यातलीच एक वेबसाइट माझ्या वडिलांची. तिचं नाव ‘आजची मासळी’.

पप्पांची, म्हणजे मनमोहन वेलकरांची, सगळी नोकरी गोदीत गेली. जहाजातून उतरणारा माल एकेक उभी रेघ मारत मोजून घ्यायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाले आणि त्यांनी गॅलरीतली खुर्ची पकडली. सकाळी पेपर, दुपारी तोच पेपर, संध्याकाळी पेपर मांडीवर आणि नजर समोरच्या भिंतीवर. काही विचारलं की ‘हं’. मम्मी म्हणायची, “पंख्याचा तरी आवाज येतो.” म्हणायची हसत, पण भांडी घासताना तिला डोळे पुसताना मी पाहिलंय. घरातला माणूस समोर बसलेला असून घरात नसला की फार वाईट वाटतं. मला तर रागच यायचा, आणि राग कुणावर काढायचा तेही कळायचं नाही.

एक दिवस नेरिसा वर आली ती हातात करली घेऊन.

“अंकल, घेतली तर खरी, पण काटे बघून मम्मा ओरडतेय. आता काय करू?”

पप्पा खुर्चीतून उठले. करली उलटी केली, पोटाकडून बोट फिरवलं, मग ओट्यावर घेऊन काटे तुटतील अशा बारीक चिरा कशा द्यायच्या ते दाखवू लागले. तिथून गाडी घसरली मांदेलीवर, मांदेलीवरून बोंबलावर, आणि बोंबील कधी घेऊ नये यावर तर त्यांनी व्याख्यानच दिलं. मम्मी हातातली कोथिंबीर तशीच धरून ऐकत उभी राहिली. इतकं बोलताना आम्ही त्यांना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात नेरिसानं ते सगळं एका वेबसाइटवर टाकून आणलं. वर निळी पट्टी, खाली मोठी अक्षरं. “अंकल, आता रोजचं तुम्ही लिहायचं,” ती म्हणाली. झालं, पप्पांना काम मिळालं. रोज सकाळी पिशवी घेऊन बाजार, जाईबाई कोळणीच्या पाटीसमोर उभं राहून चौकश्या, आणि घरी येऊन फोनवर एका बोटानं लिखाण. ‘आज मांदेली सोन्यासारखी चमकतेय. पोट फुटलेली एकही नाही, बिनधास्त घ्या. सुरमई नुसती बघा. कोळंबीवाल्याला मी आज काही बोललो नाही, उद्या बोलेन.’ रोजच्या बातमीखेरीज त्यांनी काही कायमची पानंही लिहिली. करलीचं एक, मुंबईच्या जुन्या मासळीबाजारांवर एक लांबलचक, ज्याचा त्यांना फार अभिमान होता, आणि ‘पापलेट ताजं कसं ओळखावं’ असं एक छोटंसं, जे त्यांनी एका बैठकीत लिहून हातावेगळं केलं.

मग एकदा चहा पिताना त्यांनी विचारलं, “नेरिसा, हे वाचतं कोण?”

प्रश्न साधा होता, पण उत्तर मिळवायला नेरिसाला बरीच खटपट करावी लागली. सगळे जे करतात तेच तिनं आधी केलं. वेबसाइटवर किती जण आले ते मोजणारी एक परदेशी फुकट सोय असते, ती जोडली. आणि आठवड्याभरात काढूनही टाकली.

“का गं?” मी विचारलं. मी जाहिरातीच्या धंद्यातली. आमच्याकडे तसले रंगीबेरंगी रिपोर्ट रोज येतात आणि कुणी वाचत नाही, पण ते असतात.

“आकडा आपल्याला देतात आणि बाकी सगळं स्वतः ठेवतात. कोण आलं, कुठून आलं, आधी काय बघत होतं. अंकलना मांदेलीचं विचारायला आलेल्या माणसाच्या खिशात मी तिसऱ्याचा हात का घालू देऊ? आणि रिपोर्ट बघितलास तू? अंकलना त्यातलं काय कळणार, मला नाही कळलं अर्धं.”

म्हणून तिनं स्वतःचंच मोजमाप लिहिलं. त्याला नाव दिलं ‘खूण’. पान उघडलं की एक उभी रेघ. नाव नाही, गाव नाही, मागे लागणं नाही. कुठल्या पानावर, दिवसाच्या कुठल्या वेळी, किती वेळ आणि कुठपर्यंत वाचलं, एवढंच ठेवायचं. ते चालतं एका भाड्याच्या छोट्याशा मशीनवर, आणि त्याचं महिन्याचं भाडं एका बऱ्यापैकी पापलेटाएवढं. त्याच मशीनवर ओनीलचा बँड, शिवाजी पार्कचे नेट्स आणि तिच्यासारख्याच उद्योगी मित्रमैत्रिणींच्या वेबसाइट मोजल्या जातात. एका पापलेटात एवढी जणं जेवतात, हे मला अजूनही अचाट वाटतं. आमच्या ऑफिसात एवढ्यासाठी एक अख्खं डिपार्टमेंट आहे.

पप्पांच्या फोनवर तिनं खूण उघडून दिली. गोदीत जन्म काढलेल्या माणसाला उभ्या रेघा वाचायला शिकवावं लागलं नाही. त्यांनी पाहिलं आणि चेहरा उतरला. रेघा हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच होत्या.

“एवढ्यासाठी मी रोज चपला झिजवतो?” ते म्हणाले. “कुणी वाचत नसेल तर बंद करून टाकू.”

दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेले नाहीत. दुपारपर्यंत खुर्चीत होते. मम्मीनं ते पाहिलं आणि काही बोलली नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता, कारण माझी आई काही बोलत नाही तेव्हा ती काहीतरी करत असते.

त्यानंतर रेघा वाढू लागल्या. आधी थोड्या, मग भराभर. सकाळी पप्पांनी लिहून टाकलं रे टाकलं की धडाधड रेघा उमटायच्या. पप्पा पुन्हा बाजारात जाऊ लागले, अंघोळ करताना गाऊ लागले, कोळंबीवाल्याला एकदाचे बोलले. घरात रोज काहीतरी नवीन शिजायला लागलं. एके दिवशी मासळीचं आटलं, एके दिवशी कोबी-कोळंबीचं भानोळं, आणि जेवताना त्याच्यावर चर्चा. मम्मीचा चेहरा खुलला. इतकी सुखाची जेवणं आमच्याकडे बऱ्याच दिवसांनी झाली.

नेरिसा मात्र त्या दिवसांत गप्प गप्प असायची. विचारलं तर म्हणायची, काहीतरी चुकतंय, बघतेय.

काय चुकतंय ते आम्हाला जिन्यात कळलं. आम्ही दोघी खाली उतरत होतो आणि दुसऱ्या मजल्यावरचे सीतारामकाका वर चढत होते. नेरिसाला पाहून त्यांनी शाबासकी मागितल्यासारखा हात वर केला.

“माझं झालं हां आजचं. उघडलं, बंद केलं.”

“काय उघडलंत अंकल?”

“मासळी गं! यशोदावहिनींनी सांगितलंय ना, सकाळी चहाच्या आधी सगळ्यांनी एकदा हजेरी लावून यायची. आता मी अंड्यालाही शिवत नाही, पण म्हटलं मनमोहनचं काम आहे. आपल्या माणसाकडे नाही जायचं तर कुणाकडे?”

आमच्याकडे गणपतीत हीच पद्धत. बिल्डिंगमधल्या प्रत्येक घरी जायचं, हात जोडायचे, प्रसाद तोंडात टाकायचा आणि पुढच्या दारात. बसायचं नाही, पण चुकवायचंही नाही, नाहीतर वाईट दिसतं. मम्मीनं तोच रिवाज वेबसाइटला लावला होता. अख्खी बिल्डिंग, तिचं महिला मंडळ आणि गिरगावातल्या माझ्या दोन मावश्या रोज सकाळी पप्पांच्या पानाचं दर्शन घेऊन येत होत्या. एक ओळही कुणी वाचलेली नव्हती.

नेरिसा जिन्यावर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग थांबली.

“मी आठवडाभर माझ्या कोडमधली चूक शोधतेय, अनु. सकाळी एकदम रेघांची भिंत उभी राहते आणि वाचलेलं काहीच नाही. मला वाटलं, खूणच बिघडली. खूण तर खरं तेच सांगत होती.”

त्याच दिवशी तिनं नियम बदलला. पान शेवटपर्यंत वाचेल त्याचीच रेघ. आणि मला सांगून टाकलं की पप्पांना ती स्वतः येऊन सांगणार.

तेव्हा आम्ही भांडलो. मी तिच्या घरात उभी राहून भांडले, तिची मम्मा व्हायोलेट आंटी आतून डोकावून गेली तरी भांडले.

“काय बिघडतं गं? त्यांच्या फोनवर जुनाच आकडा दिसू दे. तुझंच मशीन, तुझाच प्रोग्रॅम. कोण विचारायला येणार आहे?”

“कोणीच नाही. म्हणूनच.”

“म्हणूनच काय?”

“दुसऱ्या कोणाचा आकडा असता तर मी म्हटलं असतं, मला काय माहीत, त्यांना जाऊन विचार. हा माझा आहे. हा खोटा निघाला तर मी बोट कोणाकडे दाखवू?”

“आणि पप्पा परत खुर्चीत बसले तर?”

ती हळूच म्हणाली, “तर मी रोज वर येऊन त्यांच्याशी बोलेन. पण खोटं नाही दाखवणार त्यांना. जन्मभर माल मोजला त्या माणसानं.”

मी दार आपटून निघाले. मी काही भलतं मागत नव्हते, हे मी आजही म्हणेन. माणूस बोलतोय, जेवतोय, गातोय, त्याच्यापुढे चार रेघा जास्त दिसल्या तर कुणाचं काय जातं? पण जिना चढताना मला हेही जाणवलं की कुणी बघायला नसताना सरळ वागणारं माणूस माझ्या ओळखीत एकच आहे आणि मी आत्ता तिच्याच अंगावर ओरडून आले. त्यानं राग अजून वाढला.

रविवारी चर्चमधून ती थेट आमच्याकडे आली, व्हायोलेट आंटीनं तळलेल्या फुगियांचा, म्हणजे गोल गोड पावांचा, डबा घेऊन. पप्पांसमोर बसली आणि सगळं सांगितलं. कुठे लांबण लावली नाही, कुणाला दोष दिला नाही. पप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“सीताराम तर अंडंही खात नाही,” एवढंच म्हणाले. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले. “यशोदा, तू?”

“हो, मी,” मम्मी म्हणाली. “तुम्ही परत बोलायला लागला होतात. मला तेवढं पुरत होतं.”

पप्पांनी फोन टेबलावर ठेवला आणि गॅलरीत जाऊन बसले.

मग परत पेपर, परत भिंत, परत ‘हं’. मम्मीनं नेरिसाशी बोलणं टाकलं. फुगियांचा डबा तिनं धुऊन, पुसून, रिकामा खाली पाठवला. आमच्या बिल्डिंगमध्ये डबा रिकामा परत जात नाही, चिमूटभर साखर तरी घालतात. जन्मात पहिल्यांदा तिनं असं केलं होतं, आणि तो डबा नेताना मला लाज वाटली. नेरिसानं झाकण उघडून पाहिलं, परत लावलं आणि म्हणाली, “चालेल. आंटीची चूक नाही.”

आणि बोलल्याप्रमाणे ती येत राहिली. रोज वर यायची, पप्पांशेजारी स्टूल ओढायची, काहीबाही बोलायची. पप्पा हं म्हणायचे. मम्मी चहा विचारायची नाही. तरी नेरिसा यायची. दुसरं कुणी असतं तर दोन दिवसांत यायचं थांबलं असतं.

एका संध्याकाळी ती आली ती फोन पुढे धरूनच.

“अंकल, सकाळची भिंत गेली ना, तिच्यामागे काय होतं ते आता दिसायला लागलंय. बघा.”

पप्पांनी बघितलं नाही. तिनं फोन त्यांच्या पेपरवरच ठेवला.

सकाळच्या जागेत जवळजवळ काही नव्हतं. पण संध्याकाळच्या जागेत रेघा होत्या. थोड्याच, पण कालही होत्या, परवाही होत्या, मागच्या आठवड्यातही होत्या. बाजारांच्या इतिहासावर एकही नाही. सगळ्या त्या छोट्या पानावर, ‘पापलेट ताजं कसं ओळखावं’.

“ऑफिसं सुटतात तेव्हा,” नेरिसा म्हणाली. “पान उघडतात, शेवटपर्यंत जातात आणि बराच वेळ उघडं ठेवतात. हजेरी लावायला आलेला माणूस असा थांबत नाही.”

पप्पांनी चष्मा नीट केला. “संध्याकाळी? पण मी तर सकाळचा बाजार लिहितो.”

“तेच तर.”

“कोण आहेत ही माणसं?”

“माहीत नाही. विचारायचंच नाही, असं ठरवून बनवलंय मी.”

पप्पा त्या रेघांकडे बघत राहिले. “संध्याकाळी सकाळचाच माल बर्फातून काढतात,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. “वर पाणी मारून चकचकीत करतात. दिव्याखाली शिळी सुरमईसुद्धा ताजी दिसते. ऑफिसातून दमून आलेल्या माणसाला काय कळणार? फसत असतील बिचारे रोज.”

“मग सांगा ना त्यांना.”

पेपर खाली पडला. “यशोदा, पिशवी कुठाय?”

“आत्ता? दिवेलागणीला?” मम्मी बाहेर आली. त्यांना चपला घालताना पाहून तिनं मला ढकललं. “जा, तू पण जा.” नेरिसा तळमजल्यावर आपल्या घरी वळली, मी पप्पांच्या मागे.

स्टेशनकडच्या रस्त्यावर संध्याकाळचा मासळीबाजार भरतो. खांद्याला ऑफिसच्या बॅगा लावलेली माणसं, पाट्यांवर पिवळे दिवे, खाली बर्फाचं पाणी. पप्पा एकेका पाटीसमोर थांबत, नाक मुरडत पुढे चालले होते. मध्येच ते थबकले आणि मी त्यांच्या पाठीवर आपटले.

समोर एक मुलगी वाकून उभी होती. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, डाव्या हातात फोन. फोनवर निळी पट्टी आणि मोठी अक्षरं. उजव्या हाताच्या बोटानं ती पापलेटाच्या कल्ल्याजवळ दाबत होती आणि एक डोळा फोनवर होता.

“ए पोरी, म्हावरं बघतंस का फोन बघतंस?” कोळीण म्हणाली.

मुलीनं दाबलं. लालसर पाणी आलं. तिनं फोनवर अंगठा वर सरकवला, वाचलं आणि पापलेट परत ठेवलं. “हे नको मावशी. शिळं आहे. दुसरं दाखवा.”

कोळणीनं तिच्याकडे जरा नीट पाहिलं आणि बर्फाखालून दुसरं काढलं. मुलीनं पुन्हा दाबलं. पांढरं पाणी आलं. ती एकटीच हसली, जशी परीक्षेत लिहिलेलं उत्तर बरोबर निघाल्यावर माणसं हसतात.

मला राहवेना. हे ज्यांनी लिहिलं ते हे तुझ्या मागे उभे आहेत, असं ओरडून सांगायला मी तोंड उघडलं. पप्पांनी माझं मनगट धरलं. घट्ट धरलं. मुलीनं पैसे दिले, पिशवी घेतली आणि ती गर्दीत दिसेनाशी झाली. पप्पांचे डोळे भरून आले होते, आणि मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. भर बाजारात, बर्फाच्या पाण्यात उभी राहून मला इतका आनंद झाला की काय सांगू.

घरी येऊन मीच सगळं सांगितलं. ऐकून मम्मी पप्पांवर उखडली.

“अहो, नाव तरी विचारायचं होतंत तिचं!”

“नाही विचारायचं,” पप्पा म्हणाले. “नेरिसाचा नियम आहे.”

मम्मीनं आत जाऊन डबा काढला, त्यात भानोळं भरलं, काठोकाठ भरलं, आणि पदराला हात पुसत म्हणाली, “चला खाली. मला तिच्याकडे जायचंय.”

तळमजल्यावर नेरिसानं दार उघडलं. मम्मीनं डबा तिच्या हातात दिला, आणि नेरिसानं तो जड लागल्यावर झाकण न उघडताच छातीशी धरला. पप्पा मध्ये घुसले.

“ते नंतर. आधी खूण उघड.”

तिनं उघडली. आजच्या संध्याकाळच्या जागेत काही रेघा होत्या, एकीसारखी दुसरी, कुठलीच वेगळी ओळखू न येणारी. पप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला, वाकून त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्यावरून हलकेच बोट फिरवलं.

“ह्यातली एक,” ते म्हणाले, “आज मी डोळ्यांनी पाहिली.”